रंभाचे वण

इंदोरा वस्तीतल्या लहानूच्या स्टुडिओत मुली स्थळाला दाखवायचा फोटो काढायला यायच्या, त्या त्याच्या पेन्सिलीसाठी. निगेटिव्हवर बारीक टोकाची पेन्सिल फिरवून तो देवीचे वण असे बुजवायचा, की छापून आलेला गाल सायीसारखा दिसायचा. याला तो फोटो साफ करणं म्हणायचा. सवय मेली इतकी वाईट, की स्वतःच्या नव्या बायकोचा, रंभाचा फोटो काढला तेव्हाही पेन्सिल आपोआप चालली.

रंभानं फोटो पाहिला. "हे कोण व्हय जी?" तिनं विचारलं. लहानू हसला. ती हसली नाही, आणि पुन्हा कधी कॅमेऱ्यापुढे उभी राहिली नाही.

पुढे रंभा तापानं गेली. भिंतीवरच्या त्या गुळगुळीत बाईकडे पाहून लहानूला रडूही येईना. चिडून त्यानं जुनी निगेटिव्ह शोधली, कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये बुडवला आणि स्वतःचीच पेन्सिल पुसून काढली. मग फोटो पुन्हा छापला. औषधाच्या ट्रेमध्ये कागदावर आधी डोळे उमटले, मग गालावरचे सारे वण. तेव्हा कुठे त्याचा बांध फुटला.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, रंभाच्या आठवणीत सारे जमले तेव्हा, त्यानं तोच फोटो मांडला. रंभाची थोरली बहीण तुळसाबाई फुलं वाहताना थबकली. "काहून गा लहानू, साऱ्या जगाचे फोटो साफ करतं, आन् माह्या बहिणीचा नाही केला?"

"साफच तं केला," लहानू म्हणाला.