गोधडीखालचा गेमपॅड

माझ्या सासऱ्यांनी वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षापर्यंत कधी गाडी चालवली नव्हती, आणि पहिल्यांदा चालवली तेव्हा त्यांना ते माहीतच नव्हतं.

हे कसं झालं ते सांगायचं तर आधी मला माझी एक भानगड कबूल करावी लागेल. मी बऱ्हाणपूरच्या एका शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते. शाळेत माझा दरारा आहे. (हे मी नाही म्हणत, मुलं म्हणतात. ती आणखीही काही म्हणतात, पण ते इथे नको.) पालकसभेत मी उभी राहिले की विषय ठरलेला असतो: मुलं आणि गेम. "डोळे जातात, मार्क जातात, संस्कार जातात," एवढं मी एका दमात म्हणते आणि मग पाणी पिते. समोरचे पालक माना डोलावतात.

आणि हीच मी रोज दुपारी शाळेतून आले की दार लावून कॉम्प्युटरवर मोटारींच्या शर्यती खेळते.

सुरुवात माझ्या मुलीने, मुग्धाने केली. ती शिकायला इंदूरला गेली आणि घर एकदम रिकामं झालं. एकदा फोनवर म्हणाली, "आई, माझा गाड्यांचा गेम आहे ना कॉम्प्युटरवर, तो खेळून बघ. टाइमपास होईल." मी बघितला. तेव्हा मी कीबोर्ड आणि माउसवर खेळायचे. डाव्या हाताची तीन बोटं गाडी चालवणार, उजव्या हातातला माउस इकडेतिकडे बघणार, असा तो प्रकार. कीबोर्डच्या बटणाला दोनच गोष्टी कळतात, दाबलं आणि सोडलं. त्यामुळे माझी गाडी एक तर उभी असायची, नाही तर दरीत. थोडंसं वळायचं म्हटलं तरी ती काटकोनातच वळायची. महिनाभरात माझं मनगट धरलं. डॉक्टरांनी विचारलं, "पेपर फार तपासता का?" मी खाली बघून हो म्हटलं.

मुग्धाला सांगितलं तर ती हसली. "अगं, माझा गेमपॅड कपाटात आहे. तो घे. कीबोर्डने कोण गाडी चालवतं?"

गेमपॅड म्हणजे दोन हातांत धरायचं एक गुबगुबीत, बिनवायरचं यंत्र. अंगठ्यांखाली दोन छोट्या दांड्या, बोटांखाली दोन खटके. पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं की मी इतके दिवस उगाच हाल काढले. खटका हळू दाबला की गाडी हळू, जोरात दाबला की जोरात, अगदी शिलाई मशीनच्या पायडलसारखं. दांडी जरा कलवली की गाडी जरा कलते. धडकली की यंत्र हातात थरथरतं. तापीवरच्या राजघाटाच्या उतारावर स्कूटीवरून उतरून ती हाताने ढकलत नेणारी मी त्या गेममध्ये घाटातली वळणं दीडशेच्या वेगाने घेऊ लागले. मुग्धाने माझं खेळाडूचं नाव ठेवलं, 'डेंजर मॅडम'. शिवाय दर वेळी माउससाठी उठायला नको म्हणून तिने इंदूरहून कॉम्प्युटरमध्ये काहीतरी करून दिलं. गेमपॅडची दांडी हलवली की पडद्यावरचा बाण हलायचा आणि हिरवं बटण दाबलं की क्लिक व्हायचं. ही सोय मला इतकी अंगवळणी पडली की ती आहे हेच मी विसरून गेले.

त्या दिवशी छमाहीचे, म्हणजे सहामाही परीक्षेचे, मार्क शिक्षण खात्याच्या पोर्टलवर भरायचा शेवटचा दिवस होता. पाच वाजता पोर्टल बंद. दोन वर्ग, बहात्तर मुलं. दुपारी दोनपर्यंत मी अठ्ठावन्न मुलांचे मार्क भरले, आणि स्वतःला बक्षीस म्हणून एक शर्यत लावली. आमचे हे खंडव्याला गेले होते, आप्पा म्हणजे माझे सासरे आतल्या खोलीत झोपले होते. शर्यत ऐन रंगात आली आणि दार वाजलं.

मी गेम खाली लपवला, पोर्टलचं पान वर आणलं आणि गेमपॅड दिवाणावरच्या घडी केलेल्या गोधडीखाली सारला. दारात रजनीताई चौधरी. त्यांची मुलगी ओवी माझ्या दहावीच्या वर्गात आहे. त्यांची खकनारकडे केळीची बाग, पण मुलीच्या शाळेसाठी त्या इथे बऱ्हाणपुरात राहतात.

"मॅडम, डिस्टर्ब तर नाही ना केलं?" त्यांच्या हातात मावा जिलबीचा पुडा होता.

"छे, मार्क भरत होते," मी म्हणाले. ते अर्धं खरं होतं.

त्या बसल्या आणि पदराशी चाळा करत म्हणाल्या, "ओवीबद्दल बोलायचं होतं. तुम्ही मागच्या मीटिंगला म्हटलं होतं ना, गेमचं सामान कुलपात टाका. मी टाकलं. तिचा तो हातातला गेमपॅड ट्रंकेत ठेवून दिला."

"छान केलंत."

"हो, पण मॅडम, आठ दिवस झाले, पोरगी माझ्याशी बोलूनच नाही राहिली. जेवते, पुस्तक उघडते, झोपते. विचारलं तर 'हो' नाही तर 'नाही'. घरात दोघीच आम्ही. मला तर काही सुचूनच नाही राहिलं." त्यांचे डोळे भरले. "परत देऊ का नको, तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल तसं करते."

आता मी काय सांगायला हवं होतं? तोंडात सवयीचं वाक्य तयार होतं आणि दोन हातांवर गोधडी होती. तेवढ्यात जिलबीच्या वासाने की काय, आप्पा आतून बाहेर आले आणि थेट जाऊन दिवाणावर बसले. नेमके गोधडीवर.

मला खरं तर तेव्हाच कळायला हवं होतं. पण रजनीताईंच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं टाळायला मी घाईघाईने म्हणाले, "ताई, पाच मिनिटं द्या. पोर्टल पाचला बंद होतं. तेवढे मार्क भरते, मग निवांत बोलू." त्यांनी आप्पांना जिलबी दिली आणि माझ्यामागे खुर्ची ओढून बसल्या.

मी माउस धरला. बाण उजवीकडे नेला. बाण डावीकडे गेला.

पुन्हा उजवीकडे नेला. तो वर गेला, जरा थांबला, आणि तिरका खाली आला.

"मॅडम, हे काय होऊन राहिलं?"

"माउस जुना आहे," मी म्हणाले आणि तो टेबलावर आपटला. बाण फिरतच राहिला. मी माउसची वायर काढली. वायर माझ्या हातात, माउस टेबलावर उताणा, आणि बाण पडद्यावर आरामात फिरायला निघालेला.

"हॅक झालं मॅडम," रजनीताई कुजबुजल्या. "आमच्या दिराच्या मोबाइलचं असंच झालं होतं."

आप्पांना बसल्या बसल्या मांडी हलवायची सवय आहे. चाळीस वर्षं नोकरीत खुर्चीवर बसून ती लागली. हे मला माहीत होतं, पण त्या घडीला मी आप्पांकडे बघतच नव्हते. मी बघत होते पडद्याकडे, जिथे बाण एका मुलीच्या मार्कांच्या चौकटीशी जाऊन थांबला होता. चौकटीच्या कडेला आकडा कमी-जास्त करायचे बारीक खुणेचे दोन बाण असतात. त्यातल्या खालच्यावर टकटक सुरू झाली. सदुसष्ट, सहासष्ट, पासष्ट.

"हे कोणाचे मार्क आहेत?" रजनीताईंनी चष्मा सावरत वाचलं. "मॅडम, ही तर आमची ओवी. ओवीचे मार्क कमी होऊन राहिले."

"दिसतंय मला."

"तिने काय वाईट केलं कोणाचं?"

साठ. अठ्ठावन्न. त्रेपन्न. मी कॉम्प्युटर बंद करायला हात पुढे केला आणि थांबले. अठ्ठावन्न मुलांचे मार्क मी अजून सेव्ह केलेच नव्हते. (कीबोर्डवरूनही सेव्ह करता येतं म्हणतात. त्या क्षणी मला कीबोर्डवरून माझं नावही लिहिता आलं नसतं.) मी मुग्धाला फोन लावला, तिने उचलला नाही. मग प्राचार्यांना लावला.

"सर, मेरा कम्प्यूटर किसी ने कब्जे में ले लिया है."

"मैडम, आप घबराइए मत," सर म्हणाले, आणि त्यांच्याच आवाजावरून कळलं की ते घाबरलेत. "मैं स्टाफ ग्रुप पर डालता हूँ. कोई पोर्टल ना खोले."

मिनिटभरात माझा फोन टुणटुणायला लागला. सगळ्या शाळेत बातमी: गणिताच्या मॅडमवर सायबर हल्ला. कुणी विचारत होतं, खंडव्यालाही झालंय का? हिंदीच्या सरांनी खबरदारी म्हणून घरचा टीव्हीसुद्धा बंद केल्याचं कळवलं.

आप्पांनी तेवढ्यात विचारलं, "आणखी एक जिलबी हाये का वं?" आणि पुड्याकडे वाकले.

बाण सरसर खाली गेला, थेट त्या लाल बटणावर: 'अंतिम रूप से जमा करें'. ते एकदा दाबलं की मार्कांना कुलूप. मग जिल्ह्याच्या ऑफिसात अर्ज, खुलासे, चौकशी. टक. पडद्यावर चौकट उघडली, 'क्या आप सुनिश्चित हैं?' खाली दोन पर्याय, हाँ आणि नहीं. ओवीच्या नावापुढे एक्केचाळीस होते, आणि चौदा मुलांच्या नावापुढे काहीच नव्हतं.

बाण 'हाँ'वर जाऊन उभा राहिला.

रजनीताईंनी माझा हात घट्ट धरला. मी देवाचं नाव घ्यायला गेले तर ओठांवर पायथागोरस आला. मागे आप्पांनी जिलबी उचलली, सरळ झाले, आणि बाण तसूभर सरकला. टक. 'नहीं.'

चौकट मिटली. आम्ही दोघींनी श्वास सोडला, तोवर बाण पडद्याच्या तळाशी पोचला होता आणि मी लपवलेल्या गेमवर टकटक करत होता. पडदाभर गेम उघडला. घाटरस्ता, लाल गाडी, आणि वर ठळक अक्षरांत 'डेंजर मॅडम. एकूण खेळ: २१४ तास'. गाडी सुरू झाली. कुणी चालवत नसताना ती पूर्ण वेगाने सुटली, एका ट्रकला घासली, कठडा तोडला आणि तळ्यात पडली.

त्याच क्षणी आप्पा ताडकन उभे राहिले. "सूनबाई, गोधडीत काय हाये? थरथरून राहिलंय."

गाडी बुडाली, बाण थांबला. मी दिवाणाशी गेले, गोधडी उचलली आणि खालून गेमपॅड काढला. तो अजून हळूहळू थरथरत होता.

कुणीच हॅक केलं नव्हतं. कुणी बाहेरचं आलं नव्हतं. ओवीचे सोडले तर मार्क जागेवर होते. त्या वेळी मला इतकं हलकं वाटलं की मी मटकन खुर्चीत बसले आणि हसायलाच लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग लक्षात आलं की रजनीताई हसत नाहीत. त्या पडद्याकडे बघत होत्या.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "दोनशे चौदा तास म्हणजे किती दिवस?"

"नऊ. जवळपास," मी सवयीने उत्तर दिलं.

"हे तुम्ही खेळता?"

लपवायला आता काही उरलंच नव्हतं. मी सगळं सांगितलं. मुग्धा गेल्यावर घर कसं खायला उठलं, मनगट कसं धरलं, पालकसभेतल्या भाषणानंतर घरी येऊन मी काय करते, सगळं. "मी तुम्हाला जे सांगितलं ते मला स्वतःला जमलेलं नाही," मी म्हणाले. "ओवीचा गेमपॅड देऊन टाका. वेळ ठरवून द्या, अभ्यास आधी. पण द्या. आणि जमलं तर तिच्याशेजारी बसून बघा ती काय खेळते ते."

त्या रागावतील असं मला वाटलं होतं. पण त्यांनी पदराने डोळे पुसले आणि हसल्या. "मी आठ दिवस झोपले नाही हो मॅडम, मीच वाईट आई आहे म्हणून."

"मग मी जिंकलो का हरलो?" आप्पांनी विचारलं. त्यांना एवढंच कळलं होतं की गाडी ते चालवत होते.

"तळ्यात गेलात आप्पा."

"पहिल्या खेपेला चालतं," ते म्हणाले आणि दिवाणावर बसले. या वेळी गोधडी आधी चाचपून.

ओवीचे सदुसष्ट मी कागदावर बघून परत भरले. रजनीताई शेजारी बसून नावं वाचत होत्या, मी आकडे टाकत होते. सव्वाचारला लाल बटण दाबलं, स्वतःच्या हाताने. मग सरांना फोन केला.

"सर, ठीक हो गया. सोर्स मिल गया था. निकाल दिया."

"आपने अकेले निकाल दिया?"

"जी सर," मी म्हणाले आणि पटकन फोन ठेवून दिला.

त्या शनिवारी रजनीताईंचा मेसेज आला. ओवी बोलायला लागली होती, आणि पहिलं वाक्य होतं, "मम्मी, खरंच का गं? आपल्या मॅडम?" मायलेकी दोघी हसून हसून बेजार झाल्या म्हणे. मला जरा लाज वाटली, पण त्याहून जास्त बरं वाटलं.

सोमवारी प्राचार्यांनी प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेसमोर माझं कौतुक केलं आणि मला शाळेची सायबर सुरक्षा प्रभारी नेमलं. तेव्हापासून दर आठवड्याला मी मुलांना दहा मिनिटं त्या विषयावर मार्गदर्शन करते. सगळी मुलं चुळबुळ करत ऐकतात. एकटी ओवी पहिल्या रांगेत अगदी ताठ बसून, ओठ घट्ट मिटून, माझा शब्द न् शब्द वहीत उतरवून घेते.