बूश्ताचं हरवलेलं वळण

उभं आयुष्य बूश्ताने मोरोक्कोतल्या फेसच्या जुन्या शहरात खेचर हाकलं. चामडं कमावायच्या कुंडांपाशी ओल्या कातड्यांची थप्पी खेचरावर लादायची आणि दोन्ही हात पसरले तर भिंतींना लागतील अशा बोळांतून, माणसांना बाजूला सारत, ती बाजारात पोचवायची. आवाज असा खणखणीत की तो शिरण्याआधी चौकाला त्याची वर्दी मिळायची. बायको रहमा म्हणायची, तुमच्याआधी तुमचा घसा घरी येतो.

रहमा गेली. मागच्या हिवाळ्यात मबारका, त्याचं खेचर, तीही गेली. मग मुलगी बतूल आली आणि त्याच आठवड्यात बापाला नव्या शहरातल्या आपल्या फ्लॅटवर घेऊन गेली.

तिथले रस्ते सरळ, रुंद, बिनवासाचे. इमारती तर एकाच आईच्या लेकी. पाव आणायला उतरलेला बूश्ता दुपारी भलत्याच जिन्यात बसलेला सापडला, मांडीवर पाव, चेहऱ्यावर पाहुण्याचा संकोच. पुन्हा तसंच झालं तेव्हा बतूलने त्याला इस्पितळात नेलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी म्हाताऱ्यांना मानाने म्हणतात तसं ‘हाज’ म्हणून हाक मारली, तर हा म्हणाला, हाज म्हणू नका, खेचरावरून मक्केला जाता येत नाही. त्या मनापासून हसल्या. मग कागदावर मेंदू काढून त्यांनी आत खोलवर समुद्रघोड्यासारखा एक वाकडा भाग दाखवला. इथे जागा ओळखणाऱ्या पेशी असतात, त्या म्हणाल्या. विंगेत बसलेल्या नटांसारख्या त्या वाट बघतात. भट्टीचा कोपरा आला की काही उठतात, पाणपोईपाशी दुसऱ्या. त्या अशा पाठोपाठ उठत गेल्या की माणसाला वाट सापडते. तुमच्या या भागाला रोग लागलाय. जुने, मुरलेले रस्ते बरेच दिवस टिकतील. नवे मात्र आता बसणं कठीण.

बतूलने त्या दिवसापासून दाराला आतून कुलूप लावलं. बूश्ताला कुलपाचं काही नव्हतं. त्याला वेगळंच खात होतं.

रोज सकाळी पुदिन्याच्या चहाबरोबर तो डोळे मिटून मनानेच जुन्या घरी जायला निघायचा. बाब गिस्साच्या वेशीतून आत, उतार, देवदाराच्या भुशाचा वास, तांबटांची ठोकाठोक, कुंडांचा तो नाक झिणझिणवणारा दर्प, मग छताखालचा अंधारा बोळ आणि तिथे तीन फाटे. बस्स. पुढे काही नाही. घराचं दार त्याला दिसायचं, दारात रहमाही दिसायची, पण फाट्यापासून दारापर्यंत जायचं कसं, ते वळण नव्हतंच.

“ते पुसलं गेलं म्हणजे उद्या तीही पुसली जाईल,” एकदा तो बतूलला म्हणाला. “मला तेवढं शोधून दे पोरी. मग लाव तुझी कुलपं.”

शुक्रवारी तिने दुपारच्या जेवणाच्या कुस्कुसचं पातेलं शेजारणीवर सोपवलं आणि बापाला घेऊन निघाली. वेशीतून आत पाऊल पडलं आणि म्हाताऱ्याची पाठ सरळ झाली. तिला हाताला धरून तोच भराभर नेऊ लागला. दुकान बंद करत असलेल्या मफद्दल तांबटाने त्याला ओळखलं आणि वर्षानुवर्षांच्या हक्काने टोमणा मारला.

“काय रे बूश्ता, खेचर मेलं म्हणून पोरीला जुंपलंस?”

“ती तुझ्यासारखी लाथा मारत नाही,” बूश्ता न थांबता म्हणाला.

कुंडं मागे पडली. अंधारा बोळ आला. तीन फाटे आले आणि बूश्ता खिळल्यासारखा उभा राहिला. एका फाट्याकडे बघितलं, दुसऱ्याकडे बघितलं. तिसऱ्याकडे पाऊल टाकून मागे घेतलं.

बतूलला वाट पाठ होती. लहानपणी कणकेच्या गोळ्यांची फळी डोक्यावर घेऊन ती इथूनच पाव भाजायच्या भट्टीवर जायची. तिचे पाय डावीकडे केव्हाच वळले होते. पण तिने स्वतःला आवरलं.

“बा, संध्याकाळी काम आटोपून तू इथून कसा जायचास?”

“कसा म्हणजे?” तो चिडून म्हणाला. “दोर सोडून द्यायचो. ती जायची.”

म्हणाला आणि स्वतःच्या रिकाम्या हाताकडे बघू लागला.

खेचराशिवाय तो या फाट्यावरून कधी घरी आला होता? मशीद, हम्माम, दोन्ही घराच्याच अंगाला. दिवसभर वाट त्याची असायची, पण इथे आला की थकलेला बूश्ता दोर टाकायचा, ओळखीच्यांशी बोलत, मबारकाच्या पाठीकडे बघत मागून चालायचा. तिला चाऱ्याची ओढ. वळण तिच्या डोक्यात होतं. तिच्याबरोबर गेलं.

“माझं हरवलंच नाही तर,” तो पुटपुटला. “माझ्याकडे नव्हतंच कधी.” आणि भिंतीला टेकून रडला, मोठ्यांदा, त्याच खणखणीत आवाजात.

मग म्हणाला, “दाखव.”

डावीकडे, मोडक्या कमानीखालून, दोन घरं सोडून उजवीकडे. दाराला आता दुसऱ्यांचा निळा रंग होता. आतून मसाल्याचा वास येत होता. बतूलने कडी वाजवू का विचारलं. त्याने नकारार्थी मान हलवली. त्याला आत जायचं नव्हतं. त्याला स्वतःच्या पायांनी इथवर यायचं होतं.

“परत फाट्यावर चल. आता मी पुढे.”

“बा, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या ना, नवं बसणार नाही म्हणून.”

“ऐकलंय मी. चल.”

तो आला. परत गेला. पुन्हा आला. कधी कमानीपाशी चुकला, कधी बरोबर दारापाशी थांबून उंबऱ्याकडे असा बघत राहिला की बतूलने नजर वळवली. कुस्कुसची वेळ टळून गेली.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तो डोळे मिटून वाट मोठ्याने म्हणू लागला. वेस, उतार, भुसा, तांबट, कुंडं, अंधारा बोळ. तीन फाटे. बतूल हातातलं काम सोडून ऐकत राहिली.

“पुढचं काही केल्या आठवत नाही बघ,” बूश्ता म्हणाला. “एकदा नेशील का मला? एकदाच.”

काल नेलं होतं, हे ती बोलली नाही. तिने त्याचा घोळदार जेलाबा खुंटीवरून काढला आणि बाही सरळ करून त्याच्यापुढे धरली.