हनुवटीचा इशारा

माझी वहिनी योगिनी इतकी हळू बोलते की रिक्षावाला तिला दोनदा विचारतो, "कुठं जायचंय?" पण हळू बोलणारी माणसं भित्री असतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी तिच्याशी एकदा वाद घालून बघावा. मी तिची नणंद. बावीस वर्षांत मी तिच्याशी एकही वाद जिंकलेला नाही.

ती ओझरच्या विमान कारखान्यात पत्रे जोडणारे रिव्हेट तपासते. तिथं असा कडकडाट चालतो की माणसं हातानं आणि मानेनंच बोलतात. तिच्याबरोबर काम करणाऱ्या अंजलीचे सासरे कोंडाजी हे तोफखान्यातले निवृत्त सुभेदार, एकाहत्तरच्या लढाईतले. त्यांनी आणि इतर काही माजी सैनिकांनी दिंडोरीच्या बाजूला माळावर नेमबाजीचा क्लब काढलाय. दोन वर्षांपूर्वी वहिनी अंजलीबरोबर सहज तिथं गेली, तासभर उभ्यानं बघत राहिली आणि म्हणाली, "मला शिकायचंय." तेव्हा ती एकेचाळीस वर्षांची होती.

हा खेळ स्कीटचा. अर्धवर्तुळात उभं राहायच्या जागा आखलेल्या असतात आणि दोन टोकांना दोन खोल्या, एक उंच, एक बुटकी. त्यांतून बशीएवढी मातीची तबकडी सुसाट सुटते. ती दिसेपर्यंत बंदूक कमरेशी धरायची, दिसली की खांद्याला लावून फोडायची. सांगायला चार वाक्यं लागली, पण पहिल्या रविवारी वहिनीनं पंचवीस बार काढले आणि पंचवीसच्या पंचवीस तबकड्या धडधाकट पलीकडे गेल्या. खांदा वांग्यासारखा जांभळा झाला. घरी आल्यावर माझा भाऊ रवी म्हणाला, "झाली हौस?"

"पुढच्या रविवारी गाडी मी नेणार," वहिनी म्हणाली आणि खांद्याला बर्फ लावत बसली.

कोंडाजी शिकवायला कडक. बार झाल्यावर तिच्या बंदुकीची नळी जागीच थांबायची, म्हणून ते तिला रिकाम्या बंदुकीनं अर्धा अर्धा तास नुसती फिरवायला लावायचे. "पोरी, थांबली की चुकली," एवढंच बोलायचे. शहात्तर वर्षांचा माणूस उन्हात तिच्या मागं उभा राहायचा, मग ती तरी कशी बसणार? चार महिन्यांत ती पंचवीसात बारा फोडायला लागली, वर्षभरात अठरा. क्लबातले म्हातारे तिला आपल्यातलीच धरायला लागले, म्हणजे तिच्या डब्यातली भाजी न विचारता खायला लागले.

आता नवनाथ नानांबद्दल सांगते, कारण गोष्ट त्यांचीही आहे. नाना कारगिलला तोफेवर होते. पदक घेऊन परत आले, कान मात्र तिकडेच ठेवून आले. तबकडी सोडायचं बटण त्यांच्या हातात असतं. खरं तर नेमबाजानं "पुल", म्हणजे सोड, अशी हाक द्यायची आणि मग बटण दाबायचं, अशी रीत आहे. पण नानांना हाक ऐकूच येत नाही. कानातलं यंत्र घातलं तर बंदुकीच्या आवाजानं डोकं ठणकतं, म्हणून ते खिशात. त्यामुळं या क्लबात कुणीच हाक देत नाही. हनुवटी जराशी वर करायची, की तबकडी हवेत. वहिनीला हे फार सोयीचं पडलं. कारखान्यात ती दिवसभर तेच करत असते.

घरी नानांशी कुणी बोलत नाही असं नाही, पण ओरडावं लागतं, म्हणून कामापुरतंच बोलतात. माळावर मात्र त्यांच्या नजरेशिवाय पानही हलत नाही. रविवारी सकाळी सातला ते इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीवर हजर असतात. त्यांना त्या खुर्चीवर बघून मला बरं वाटतं, उगाच का लपवू?

यंदा वहिनी पहिल्यांदा स्पर्धेला उतरली. दुसऱ्या एका क्लबचं मोठं मैदान होतं. पन्नास तबकड्या, दोन फेऱ्यांत, आणि राज्य स्पर्धेला जायचं तर चौतीस फोडायला हव्यात. वहिनीचा सराव अडतीसचा होता, त्यामुळं मी निर्धास्त होते. कोंडाजी आणि नानाही आमच्याच गाडीतून आले.

पहिली जागा. वहिनीनं बंदूक कमरेशी धरली, हनुवटी वर केली आणि वाट बघत राहिली. काहीच आलं नाही. तिनं पुन्हा हनुवटी वर केली. पंच पुढे आले आणि म्हणाले, "मॅडम, हाक द्या. माइक लावलाय, आवाजावर सुटतं."

मागं कुणीतरी हसलं. मी वळून बघितलं तेव्हा थांबलं. वहिनीनं "पुल" म्हटलं, पण माइकपर्यंत पोचलं नाही. दुसऱ्यांदा पोचलं आणि तबकडी आली तेव्हा तिचं लक्ष घशात होतं. पहिल्या चारही गेल्या. सगळी फेरी ती आवाज आणि नेम यांत ओढाताण करत राहिली. पंचवीसात चौदा.

दोन वर्षांत हाक द्यायला तिला कुणी शिकवलंच नव्हतं. कोंडाजींनी कपाळावर हात मारला. नानांना काय झालं ते हावभावांवरूनच कळलं. ते कोंडाजींना म्हणाले, आणि बहिऱ्या माणसाचं हळू बोलणंही चारजणांना ऐकू जातं, "सायेब, माझ्या कानापायी पोरीचं वाटोळं झालं. तिचा आज नंबर लागला नाय, तर मी बटण सोडलं. असलं मशीन आणा." आणि ते गाडीपाशी जाऊन मैदानाकडे पाठ करून उभे राहिले.

हे वहिनीला सांगावं की नको? कोंडाजींनी मला नको म्हणून खूण केली. पण मी आगाऊच आहे आणि वहिनीला त्यांच्यापेक्षा जास्त ओळखते. मी जाऊन सगळं सांगितलं.

"असं म्हणाले?" तिनं विचारलं. माझ्या हातात पाण्याची बाटली दिली आणि निघाली.

दुसऱ्या फेरीत वीस हव्या होत्या. सवय मोडायला वेळ नव्हता, म्हणून तिनं ती मोडलीच नाही. हनुवटी वर, आणि पाठोपाठ हाक. पहिली हाक फाटकी निघाली, पण तबकडी फुटली. तिसऱ्या जागेपासून आवाजाला धार चढली. मधे दोन गेल्या, पुढे एक, मग आणखी दोन. चोविसापर्यंत एकोणीस. शेवटची फोडायलाच हवी होती. कोंडाजी देवाचं नाव घेत होते आणि मी मोजायचं सोडून दिलं होतं.

वहिनीनं हनुवटी वर केली आणि ओरडली. बावीस वर्षांत मी तिचा असा आवाज ऐकला नव्हता. त्या आवाजासरशी गाडीपाशी पाठमोरे उभे असलेले नाना गर्रकन वळले. बार त्यानंतर झाला. तबकडीचे तुकडे होताना त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितले.

ते लगबगीनं माझ्याकडे आले. "आत्ता कोण वरडलं?"

"वहिनी," मी बोट दाखवलं.

"दोन वर्सं झाली," ते म्हणाले, "तिचा आवाज मी आज ऐकला." त्यांचे डोळे भरले होते, आणि माझेही.

तोवर वहिनी आली. नानांसमोर उभी राहून ती नेहमीसारखंच हळू काहीतरी बोलली. नानांनी माझ्याकडे बघितलं. "काय म्हनती?"

मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन जोरात सांगितलं, "राज्य स्पर्धेला दोन महिने आहेत म्हणते. रविवारी सातला खुर्ची टाकून बसा."