न फिरलेल्या मोटरींचे आलेख

एखादा आलेख फार गुळगुळीत दिसला की घाण सर तो कागद दोन बोटांत धरून लांब करायचे, मेलेला उंदीर शेपटीला धरावा तसा. "हा मोटरीतून निघालाय की ब्यूटी पार्लरमधून?" मग त्यांची शिंदखेड्याकडची अहिराणी बोली वर यायची. "बठ्ठी घाण शे," म्हणजे सगळी घाण आहे. पोरांनी नाव ठेवलं ते यावरूनच. धुळ्यातल्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात ते विद्युत विभागात शिकवायचे, आणि मी तिथे नवीनच लागले होते.

मोटर न उघडता तिचं दुखणं ओळखायचं, हा त्यांचा विषय. मोटरीच्या तारेतून जाणारा प्रवाह मोजायचा आणि त्याचा आलेख काढायचा. आतल्या रोटरची सळई तुटली असेल, तर आलेखातल्या उंच शिखराच्या दोन्ही बाजूंना दोन बुटकी शिखरं उगवतात. हे दाखवण्यासाठी सरांनी भंगारातली मोटर आणून तिच्या रोटरला स्वतः ड्रिलने भोक पाडलं होतं. तिचा आलेख काटेरी निघायचा, कारण शेजारच्या वेल्डिंगचासुद्धा गोंधळ त्यात मिसळलेला असे. सर तो मायेने बघत. "मोटर आजारी शे, खोटारडी नही," म्हणत.

लॅबच्या कोपऱ्यात पोरं गुटख्याच्या पिचकाऱ्या मारायची. सर बादली आणून स्वतः कोपरा धूत आणि थुंकणाऱ्याला समोर उभं करत. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर अशी शिसारी असे की बघणाऱ्याच्या घशाखाली डबा उतरू नये. इतकी किळस बाळगून माणूस जगतो कसा, असं मला वाटे. ती किळस नेमकी कशाची होती, ते मला विभागप्रमुखांमुळे कळलं.

कॉलेजात तपासणी समिती यायची होती. विभागप्रमुखांनी मोटरींचे दोष ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरवर शोधनिबंध लिहिला आणि पहिलं नाव सरांचं टाकलं, कारण कारखानदार सरांनाच ओळखत. सरांनी तो प्रमुखांच्या केबिनमध्येच, माझ्यासमोर वाचला.

"ह्या मोटरी कुठल्या कारखान्यातल्या?"

"सर, सिग्नल कॉम्प्युटरवरच तयार केलेत. सगळेच करतात."

"माझं नाव काढा."

"काढतो की," प्रमुख हसत म्हणाले. काढलं नाहीच, उलट कॉलेजच्या माहितीपत्रकावर सरांच्या फोटोसकट छापलं.

ते पाहून जामनेरकडच्या एका कापसाच्या जिनिंग गिरणीच्या मालकांनी मोटर तपासायला कॉलेजला बोलावलं. प्रमुखांनी जाऊन सॉफ्टवेअर चालवलं आणि मोटर निर्दोष असल्याचं सांगितलं. सरांना हे कळलं तसे ते मला घेऊन तिकडे धावले. कापूस ओढणाऱ्या चालू मोटरीच्या तारेला त्यांनी आपलं यंत्र लावलं. दोन्ही बुटकी शिखरं ठळक उभी होती.

"भाऊ, सळया तुटल्यात. मोटर बंद करा."

मालक गोंधळले. "पण सर, तुमच्याच नावाचं सॉफ्टवेअर चांगली आहे म्हणतं."

ऐन हंगाम होता, मोटर चालूच राहिली. त्याच आठवड्यात रोटर तापून ठिणग्या उडाल्या आणि कापसाच्या धुरळ्याने पेट घेतला. मोटर सांभाळणाऱ्या रामदास नावाच्या कामगाराचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

जळगावच्या दवाखान्यात मी सरांबरोबर गेले. पट्ट्यांमधून येणारा वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही. रामदासने सरांना बसायला सांगितलं, पण सर बसले नाहीत. बाहेर येऊन मात्र जिन्यातच बसले.

"मालकाने माझं नाव वाचून विश्वास टाकला, ताई. हात याचे गेले. मला माझ्याच नावाची किळस येते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला. निरोपाची शाल घ्यायलाही आले नाहीत.

मागच्या वर्षी सर गेले. कॉलेजने शोकसभा ठेवली. विभागप्रमुख आता प्राचार्य झालेत. सरांच्या 'गाजलेल्या संशोधनाचा' त्यांनी अभिमानाने उल्लेख केला, त्याच शोधनिबंधाचा. मी उभी राहिले.

"सरांनी त्यावरून नाव काढायला सांगितलं होतं. मी तिथे होते."

"मॅडमच्या भावना समजू शकतो," प्राचार्य म्हणाले आणि पुढच्या वक्त्याला बोलावलं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून सरांच्या पत्नी उठल्या. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. त्यांनी टेबलावरच्या सरांच्या फोटोचा हार काढून तिथेच ठेवला, फोटो पदराने पुसून काखेत धरला आणि दाराकडे निघताना माझ्यापाशी थांबल्या.

"चाल माय," त्या म्हणाल्या, "आपले आठे बसानं नही."