पाहुणीचा दिवा

राजापेठेत शिकवणी वर्गांच्या मागच्या गल्लीत रोज संध्याकाळी एक खिडकी गुलाबी होते. क्लासला येणाऱ्या मुली स्कूटी लावताना वर बघतात. कुणी म्हणतं, ब्यूटी पार्लर असेल. कुणी म्हणतं, कुणाचं तरी देवघर असेल. ती शकुनची कोठीची खोली आहे.

शकुनला पंचावन्नावं लागलंय. नवरा केशवराव फुलवाले. पहाटे मंडईत जातात, दुपारभर हार ओवतात आणि संध्याकाळी दिवेलागणीनंतर जेवून लगेच आडवे होतात. तीस वर्षं शकुनने झेंडू निवडला, शेवंती निवडली, सुकलेली टोपलीभर फुलं गायीपुढे टाकली. फुलांचं तिला कौतुक असं उरलेलं नव्हतं. म्हणून तिने कोठीतले कुरडयांचे आणि पापडांचे डबे पलंगाखाली ढकलले आणि तिथे लोखंडी मांडणी उभी केली, तेव्हा नणंद म्हणाली, "लोक नातवंडं वाढवतेत, आमची वहिनी गवत वाढवून राहिली."

दिसायला ते गवतच होतं. जाळीच्या इवल्या कुंड्यांत कोळशाचे तुकडे, नारळाच्या काथ्या आणि त्यांत चिमटीएवढी हिरवी पाती. वर लांबट दिवा, गुलाबी उजेडाचा. तो कमीजास्त करायला मुलाने, धर्मेंद्रने, पंख्यासारखं बटण बसवून दिलं होतं. खाली ताटात ओली खडी, कोपऱ्यात छोटा पंखा. बाहेर उन्हाने डांबर मऊ झालेलं असताना कोठीत शिरलं की पाण्याखाली गेल्यासारखं वाटायचं. शकुन स्टुलावर बसायची, फवाऱ्याने पाणी मारायची आणि हातातली कामं विसरायची. स्वयंपाकघरात कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या, ते तिला मग कुणाला तरी विचारावं लागायचं.

ती रोपं तिच्या माहेरची होती. अचलपूरला त्यांच्या शेतात विहिरीजवळ आंबा होता आणि त्याच्या दोन फांद्यांमधल्या दुबेळक्यात एक ऑर्किड. लोक त्याला बांडगूळ म्हणत. आई म्हणे पाहुणी. "झाडाचं काई खात नाई. नुस्ती बसते, वारा पेते अन् जाताना वास ठेवून जाते." उन्हाळ्यात त्याला तपकिरी चौकड्यांची फुलं यायची, मधे जांभळी जीभ. लहानपणी शकुन दुपारी त्या आंब्याखाली झोपायची. झोपेत तो वास यायचा आणि आईच्या बांगड्या वाजायच्या. त्यातलं खरं किती आणि स्वप्नातलं किती, हे तिला आता सांगता येत नाही.

आई गेली. मग रस्ता रुंद झाला, त्यात आंबा गेला. शकुन शेवटच्या दिवशी पोचली तेव्हा फांद्या खाली पडलेल्या होत्या. पाहुणीला तिने ओल्या लुगड्यात गुंडाळून एसटीने आणलं. ती जगली नाही, पण तिला भेंडीसारखी एक शेंग होती. शेजारची रागिणी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. तिने शेंगेतली पिठासारखी बी प्रयोगशाळेत बाटलीत पेरली. दीड वर्षाने बाटली शकुनच्या हातात देत म्हणाली, "काकू, यापुढचं तुमचं."

शकुनने बाटली टॉवेलात धरून फोडली आणि एकेक रोप कोमट पाण्यात धुतलं, बाळंतघरात धुतात तसं. एक्केचाळीस निघाली. वर्षभरात कुजून कुजून सव्वीस उरली. तीही हलेनात. पानं तेवढीच, मुळं तेवढीच. आंबा नव्हता, शेंग नव्हती, दुसरी बाटली नव्हती. ही सव्वीस गेली की पाहुणी कायमची गेली.

म्हणून ती दिवा मंद ठेवायची. आजारी लेकराच्या खोलीत ठेवतात तसा.

आणि त्या उजेडाला ती लाइट म्हणत नसे. बाकी घरात "लाइट बंद कर, पंखा बंद कर" सर्रास चालायचं. कोठीतला मात्र दिवा. आई समई कधी विझवत नसे. विझवणं हा शब्दच घरात चालत नव्हता. समई वाढवायची. बांगडी फुटली तर वाढवली म्हणतात, तसंच. शकुनही रात्री आठ वाजता कोठीत जाऊन बटण बंद करायची आणि स्वतःशीच म्हणायची, "वाढवला बाप्पा दिवा."

वैशाखात घरात सून आली, पौर्णिमा. माहेर कोकणात, देवरुखजवळ. धर्मेंद्र धारणीला बँकेत, शनिवारी घरी येणारा. त्यामुळे आठवडाभर पौर्णिमा आणि सासू यांचाच संसार. दोघी एकमेकींशी जपून वागत होत्या, नव्या काचेच्या भांड्यांशी वागावं तसं.

लग्नाला दोन महिने झाले असतील. अकोल्याला शकुनची बहीण जमुना न्हाणीत घसरली आणि तिचा हात मोडला. शकुन नेसत्या साडीनिशी निघाली. बसमधून फोन केला.

"पौर्णिमा, कोठीत रोज सकाळी पाणी मारजो. फवाऱ्यानं, ओतू नको."

"हो आई."

"सकाळी सहाले दिवा लाव. संध्याकाळी आठाले दिवा वाढव. विसरू नको वं."

"नाही विसरणार."

पौर्णिमा खरंच विसरली नाही. अगदी घड्याळ लावून केलं.

पाचव्या दिवशी दुपारी शकुन परतली. पायसुद्धा न धुता कोठीत गेली. वरच्या फळीवर दिवा रोपांपासून वीतभरावर होता. तिथली पानं विटकरी झाली होती, काहींच्या टोकांना कागद जळाल्यासारख्या कडा. खालच्या फळीवरची तांबूस. ती फळी दिव्यापासून लांब. तिथे शकुन मागे पडलेली, आशा सोडलेली रोपं ठेवायची.

"काय केलं वं हे?"

पौर्णिमा दारात उभी होती. "तुम्ही सांगितलं तेच. आठ वाजता दिवा वाढवला."

"वाढवला तं असे काहून झाले?"

"पूर्ण वाढवला. बटण शेवटपर्यंत. सकाळी सहाला परत कमी करायचे."

शकुन स्टुलावर बसली. "रातभर फुल्ल?"

"वाढव म्हणजे... आमच्याकडे वात पुढे काढायची असेल तर वाढव म्हणतात."

"अन् मालवाचा असन तं?"

"दिवा मोठा कर म्हणतात."

"मालवाले मोठा?"

"आणि इथे मालवायला वाढव?" पौर्णिमाच्या तोंडून निघून गेलं आणि तिने ओठ दाबले.

बाहेर हार ओवत बसलेल्या केशवरावांनी सुई थांबवली. "दोन्हीकडची मानसं सारखीच येडी म्हनाची."

"तुमी गप बसा. पहाटे उठता, दाराखालून उजेड दिसला नाई?"

"दिसला. म्हनलं नवीन कायदा असन. नव्या सुनेले कोन टोकते?"

शकुन हसली नाही. ओरडलीही नाही. बटण शून्यावर नेलं आणि दार ओढून घेतलं. दोन दिवस ती पौर्णिमाशी कामापुरतं बोलली. पौर्णिमा भाजीत मीठ घालायलाही विचारू लागली. "घालू का?" "घाल." एवढंच. तिसऱ्या दिवशी रागिणी येऊन पानं उलटसुलट करून गेली. म्हणाली, जळकी आहेत ती जातील. तांबूस आहेत त्यांना उजेड लागलाय एवढंच, थांबून बघा.

शकुन थांबली. वरच्या फळीवरची बारापैकी सात गेली. एकेक कुंडी ती रिकामी करायची, कोळसा धुऊन उन्हात टाकायची. पौर्णिमा न सांगता शेजारी बसायची आणि काथ्या पिळून द्यायची. एका दुपारी शकुन बोलायला लागली, कुणाकडे न बघता. विहिरीचा आंबा, दुबेळक्यातली पाहुणी, झोपेतला वास, बांगड्या. गुलाबी उजेडात पौर्णिमाच्या हातातला हिरवा चुडा जांभळा दिसत होता आणि काथ्या पिळताना वाजत होता. शकुनने बोलता बोलता डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत.

पोळ्याच्या आदल्या दिवशी पौर्णिमाने हाक मारली. "आई, इकडे या जरा."

खालच्या फळीवरच्या एका रोपातून मूळ निघालं होतं. जाड, पांढरं, टोक पोपटी. कुंडीच्या जाळीतून बाहेर येऊन ते नुसतं हवेत थांबलं होतं. शेजारच्या रोपालाही तसंच होतं, त्यापलीकडच्यालाही. त्या फळीवरची चौदाच्या चौदा हलली होती. वर्षभर ज्यांना जपून जपून अंधारात ठेवलं, तीच.

"उपाशी होते वं हे," शकुन म्हणाली. "मीच उपाशी ठेवले."

सासूची चूक सासूने म्हटली, की सुनेने ऐकून घ्यायची असते, एवढं पौर्णिमा तीन-चार महिन्यांत शिकली होती.

शकुनने वरची उरलेली पाच रोपंही खालच्या फळीवर घेतली, सगळी मिळून एकोणीस. मग देवघरातून कुंकवाची डबी आणली, बोट बुडवलं आणि बटणाच्या कडेला, मध्याच्या जरा पुढे, एक ठिपका लावला.

"वाढव," ती म्हणाली.

पौर्णिमाचा हात बटणावर थांबला. "कुठला वाढव, आई? इकडचा की आमच्याकडचा?"

"तुमच्याकडचा. ठिपक्यापर्यंत."