नोंद चोख, कॉम्प्युटर बंद

हसायचं नाही, या अटीवर सांगतो. म्हणजे तुम्ही हसणारच, पण निदान चहा तोंडात असताना तरी नको!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा बोईसरच्या एका केमिकल कारखान्यात ऑपरेटर होतो. आमच्या प्लांटमध्ये साधा व्हॉल्व्ह अर्धा फेरा फिरवला तरी नोंद करावी लागे. आधी काय होतं, काय केलं, का केलं, आणि खाली सही. ही शिस्त माझ्या अंगात इतकी भिनली की जवळच्याच सरावली गावातल्या आमच्या घरी कॉम्प्युटर आणला, तेव्हा मी बायकोला बजावलं, "सुषमा, नोंद केल्याशिवाय याच्यात एकही बदल व्हायचा नाही!"

"बदल करणार कोण? मला तर फक्त पत्रिका टाइप करायच्यात," ती म्हणाली.

खरंच होतं ते. ती लग्नपत्रिकांचे मजकूर टाइप करून द्यायची आणि मी बदल करायचो. आज स्क्रीनचा रंग, उद्या माउसचा वेग, परवा मेमरीची काहीतरी उलथापालथ. पण नोंद? एकदम चोख!

आमच्याकडे चिंचणीहून मासळी घेऊन जमनामावशी यायची. तिच्या लेकीचं लग्न ठरलं आणि पत्रिका सुषमाकडे आली. तुम्हाला वाटेल, पत्रिकेत काय एवढं? अहो, कुठल्या मामाचं नाव वर आणि कुठल्या काकाचं खाली, यावरून त्यांच्याकडे दोन रुसवे आणि एक अबोला होऊन गेला होता! शेवटी सगळे एकदाचे एका क्रमाला कबूल झाले आणि सुषमाने नावं त्या क्रमाने कॉम्प्युटरमध्ये बसवली. कच्चे कागद मावशीने चुलीत घातले. पुन्हा वाद नको!

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत तो मजकूर फ्लॉपीवर घेऊन पालघरच्या प्रेसमध्ये द्यायचा होता.

आणि नेमकं त्याच सकाळी मला वाटलं, आपल्या विमानाच्या गेमला आवाज का येत नाही? कॉम्प्युटर सुरू होताना वाचतो त्या फाइलीतल्या दोन-तीन ओळी बदलल्या. आधी नोंद केली, बरं का! मग मशीन बंद करून चालू केलं.

काळा पडदा. कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकतेय.

मावशी दारात टोपली उतरवून बसली होती. "काय झाला भाऊ? बिगडला काय?"

"छे! काय काय बदललं ते सगळं लिहून ठेवलंय मी. बघायचं आणि होतं तसं करायचं."

"मग बघा ना," सुषमा म्हणाली.

मी खुर्चीवरून उठलो. परत बसलो.

"अहो, कुठे लिहिलंय?"

मी कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं.

"त्याच्यातच? बरं, मग मशीन अडलं तर सुरू करायला ठेवलेली ती फ्लॉपी?"

"तिच्यावर गेम उतरवला. पण त्याचीही नोंद केलीय!"

"कुठे?"

आता हे काय विचारणं झालं?

मावशीने कपाळावर हात मारला. "आमी अडाणी, पन होडी बांदायची दोरी होडीतच टाकून किनाऱ्याला उतरत नाय, भाऊ!"

शेवटी मावशीने आठवून आठवून नावं सांगितली, सुषमाने हाताने लिहून घेतली आणि मी एसटीने पालघर गाठलं. पत्रिका छापून आल्या. काय देखण्या! फक्त त्यात थोरला मामा नव्हता.

मामाचा निरोप आला, लग्नाला येणार नाय. मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिक्षा मीच मागून घेतली. प्रत्येक पत्रिकेवर, सगळ्यांच्या वर, माझ्या हाताने मामाचं नाव लिहिलं. बोटं सुजली हो!

मामा मात्र खूश. "बाकीच्यांचा नाव छापलाय, माजा हातानं लिवलाय!" असं सांगत तो लग्नात पहिल्या पंगतीला बसला. त्यावरून काकांचा नवा अबोला सुरू झाला, ते असो.

पुढे कॉम्प्युटर दुरुस्त होऊन घरी आला. सुषमाने विचारलं, "आता तरी काही शिकलात का?"

"शिकलो म्हणजे! थांब, विसरायच्या आत नोंद करतो," म्हणत मी लगेच खुर्ची ओढली आणि मोठ्या अक्षरांत टाइप केलं, 'यापुढे सर्व नोंदी कागदावर कराव्यात.'

आणि फाइल सेव्ह केली.