किल्ली तळ्याला वाहिली

ज्वालामुखीच्या तोंडातलं तळं बघायला आम्ही गेलो, तेव्हा तिथे ज्वालामुखी नव्हता. तो तिथे कधी नव्हताच. लिमरिकच्या एका मित्राने फोटो पाठवून माझ्या मुलाला तसं सांगितलं, मुलाने मला सांगितलं आणि मी मेहकरला फोन करून अर्ध्या गल्लीला सांगितलं. नऊ वर्षांची नात इरा तेवढी म्हणत होती, "आजी, इट्स नॉट अ व्होल्केनो. आइस मेड इट." बर्फाने डोंगर खणला म्हणे! मी चौथी पास. मी ज्वालामुखीच धरून चालले.

मुलगा श्रीकांत वॉटरफोर्डला डॉक्टर आहे. त्याच्याकडे मी तीन महिन्यांसाठी आले आणि विमानं बंद झाल्यामुळे सोळा महिने राहिले. (सून मेघनाने हे फार शांतपणे घेतलं.) मधल्या हिवाळ्यात श्रीला कोरोना झाला. बारा दिवस वरच्या खोलीत कोंडून होता. मी खाली बसून लोणारच्या देवीला नवस बोलले, पोरगं धडपणे जिना उतरलं की तुझी ओटी भरीन. पोरगं उतरलं. पण लोणार गाठायचं कसं? तेवढ्यात हे तळं निघालं. श्री म्हणाला, "आई, अगदी लोणारसारखं दिसतं. भोवती कडे आणि मध्ये पाणी." मग काय! देवीला तिथून इथलं दिसत असेलच.

जूनमधला रविवार. साडीत डोंगर चढता येणार नाही म्हणून मेघनाने मला तिची ट्रॅक पँट दिली. आरशात मी पीटीचे सर दिसत होते.

"आई, पिशवी एवढी जड कशी?" श्रीने विचारलं.

"डबा आहे."

(डबा होताच. शिवाय नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि हिरवा खण होता. डॉक्टर लोकांना सगळं सांगायचं नसतं.)

श्रीला चार वाजता ड्यूटीवर हजर व्हायचं होतं. त्याच्या आजारपणात ज्या डॉक्टरने त्याच्या पाळ्या केल्या, त्याच्या लेकाचा त्या दिवशी पहिला वाढदिवस होता. श्री गेल्याशिवाय त्याला सुटका नव्हती. "आज उशीर झाला तर मी त्याला तोंड दाखवू शकणार नाही," असं श्री सकाळपासून तीनदा म्हणाला.

गाडी डोंगराखाली लावली. श्री किल्ली खिशात टाकणार तोच मेघना म्हणाली, "तू नको ठेवूस, हरवशील. आईंकडे दे. त्यांच्याकडून काही हरवत नाही."

पन्नास वर्षं मी किल्ल्या पदराला बांधल्या. आता पदर नव्हता. म्हणून पिशवीतला खण हळूच काढला, त्याच्या टोकाला किल्ली बांधली आणि पक्की गाठ मारली. हाताला सवय आहे, डोक्याला विचारावं लागत नाही. तिथेच घात झाला.

दीड तास चढलो. मेंढ्या आमच्यापेक्षा नीट चालत होत्या. तळं मात्र खरंच लोणारसारखं, फक्त वास नव्हता. डबा खाऊन तिघं फोटो काढायला गेली आणि मी काठावर खण पसरला. नारळ ठेवला, तांदूळ घातले, टोकं बांधायला घेतली, तर एका टोकाला आधीच गाठ! बरं झालं, म्हटलं, तेवढं काम वाचलं. हळदकुंकू वाहिलं आणि ओटी पाण्यात सोडली. नारळ डुलत डुलत निघाला. डोळे भरून आले. (वाऱ्याने.)

"आई, किल्ली दे. निघायला हवं," श्री आला.

मी सवयीने कंबर चाचपली. मग तळ्याकडे बघितलं.

"जरा थांब."

"कशाला?"

"ती येईल इकडे."

"कोण येईल?"

मी बोट दाखवलं. हिरवा खण आता तळ्याच्या मध्यावर होता.

श्री लाल झाला, मग जांभळा. "डॅड इज द व्होल्केनो," इरा म्हणाली.

दुसरी किल्ली घरी प्रेसमध्ये. (इथे कपाटाला प्रेस म्हणतात.) फोनला रेंज नाही. श्री बूट काढून पाण्यात उतरला आणि ओरडत बाहेर आला. "पाणी नाही, बर्फ आहे!"

"टोल्ड यू. आइस," इरा म्हणाली.

काठावर माझ्याच वयाची एक बाई पोहण्याच्या कपड्यांत, लोकरीची टोपी घालून चहा पीत बसली होती. इराने तिला सगळं सांगितलं. बाईने विचारलंसुद्धा नाही, की असं कोण करतं. "नो बॉदर," म्हणाली, कप ठेवला आणि पाण्यात शिरली. दहा मिनिटांत नारळ कपाळाने ढकलत परत आली. ओटी दगडावर ठेवली आणि नियमाप्रमाणे दोन मीटर मागे सरकली.

श्री झडप घालणार, तेवढ्यात मी आडवी आले. "थांब! वाहिलेलं परत घ्यायचं नसतं."

"आई! गाडीची किल्ली आहे!"

"किल्ली घे. बाकीचं तिचं."

भिजलेली गाठ सुटेना. शेवटी एमडी झालेल्या माझ्या मुलाने ती दातांनी सोडवली. मी कुंकवाची पुडी दगडावर ठेवली आणि दोन मीटर मागे गेले. बाईने इराच्या सांगण्यावरून कुंकू कपाळभर फासलं, नारळ काखेत मारला आणि "ग्रँड," म्हणाली. देवी प्रसन्न झाली की असंच म्हणत असावी.

किल्लीचं बटण मेलं होतं, पण दार उघडलं आणि गाडी चालू झाली. श्री चार वाजून दहा मिनिटांनी पोचला. त्याने खरं कारण सांगितलं. कुणी विश्वास ठेवला नाही. मग टायर पंक्चर झाला असं खोटं सांगितलं, ते सगळ्यांना पटलं. वाढदिवसाचा केक मात्र वेळेवर कापला गेला.

आता बाहेर निघालं की मेघना स्वतःच म्हणते, "आई, साडीच नेसा. पदर तरी तुम्ही पाण्यात सोडणार नाही."

मी मान हलवते. नवी नवरी असताना सासूबाईंच्या कोठीची किल्ली मी पदराला बांधूनच, पाणी शेंदताना गाठ सुटून, विहिरीत घालवली होती, हे तिला कशाला सांगू!